मागचा आस

मागून पाहिलं की हसूच यायचं:
सत्तेचाळीस सालच्या धान्याच्या ट्रकचं ते धूड,
आणि खाली चाकं एकमेकांना बिलगलेली,
थंडीत मुतायला बाहेर पडलेल्या माणसाच्या पायांसारखी.
मडगार्डच्या कमानीत दोन्हीकडे
पाच-पाच इंच काळोख.
ओरेस्ट त्या काळोखात मूठ घालायचा,
बाहेर काढायचा, माझ्याकडे बघायचा.
अठ्ठावन्न आहे, म्हणायचा. अडुसष्ट पाहिजे.

लोकांनी सोपे उपाय सांगितले.
स्पेसर ठोका. रिम उलट्या बसवा.
यॉर्कटनचा एक वेल्डर म्हणाला,
मागचं कोण बघतंय?
ओरेस्ट म्हणाला, मागचा.

मग अख्खा हिवाळा टेप आणि टॉर्च.
उणे एकतीसमध्ये मर्विन होल्ट्झच्या भंगारात
बर्फावर पुठ्ठा अंथरून
मी मेलेल्या गाड्यांखाली सरकायचो
आणि खालून आकडे ओरडायचो:
त्रेसष्ट.
पासष्ट, पण एक नळी वाकलेली.
एक अगदी अडुसष्ट, रुग्णवाहिकेचा,
झाकण उघडलं तर आत तेल नव्हतंच,
गंजाचा चिखल, लोण्यासारखा मऊ.
ओरेस्ट वहीत नुसती काट मारायचा.
टेपची पट्टी गारठून ताठ व्हायची, आत जायची नाही;
ती तशीच लांब, काखेत धरून
मी पुढच्या गाडीकडे.

तो आस मिळेना आणि ती आस सुटेना.

मार्च संपता संपता, वाट चुकून
डेल्फीन लाफ्रंबोआजच्या अंगणात शिरलो.
कडेला ट्रॉली होती,
कुठल्यातरी पिकअपचं मागचं अर्धं अंग,
वर मधमाश्यांच्या एकोणीस पेट्या,
काळ्या डांबरी कागदात गुंडाळलेल्या.
ओरेस्टनं ब्रेक मारला. दार उघडंच टाकून
पुठ्ठ्याशिवाय, बर्फात, तो खाली गेला.
या वेळी आकडा खालून त्याचा आला.
हळू आला.
आठ बोल्ट, असंही म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.

खाली काय हरवलंय? डेल्फीननं विचारलं.
हातात बादली, डोक्याला नवऱ्याची टोपी.
पैसे तिनं मोजूही दिले नाहीत.
नोटांवर पेट्या उभ्या राहतात का?
मे महिन्यात माश्या क्लोव्हरला न्यायच्यात मला.
ओरेस्टनं ट्रकचा जुना आस देऊ केला. अठ्ठावन्न इंच.
माश्यांना काय त्याचं.
वळणावर कलंडेल, ती म्हणाली.
हळू चालवा.
मी हळूच चालवते. घाई तुम्हाला आहे.

शेवटी हो म्हणाली, पण एक अट.
माश्या झोपल्यात. हातोडा चालणार नाही.

चार यू-बोल्ट, पंचवीस वर्षांचा गंज,
आणि हातोडा नाही.
तेल सोडायचं, थांबायचं, चहा प्यायचा,
लांब पाइप लावून दोघांनी लटकायचं,
पाव वळसा.
कंटाळलो की मी पेट्यांना कान लावायचो.
अठरा पेट्या आतून गुणगुणत होत्या.
एक नव्हती. तिला सांगितलं नाही;
तिला ठाऊक असणारच.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा नट कुरकुरला
आणि सुटला. ओरेस्ट उगाचच कुजबुजत बोलत होता
घरी पोचेपर्यंत.

स्प्रिंगच्या बैठका कापल्या, पुन्हा जोडल्या,
कोन दोनदा चुकला, शाफ्ट एकदा आखूड निघाला,
ते सगळं सांगत बसत नाही.
आता कमानीत मूठ जात नाही.
बोटं जातात, तीही आडवी.

मेमध्ये खडीच्या रस्त्यावर पुढे तीच ट्रॉली,
पेट्या अठरा, आमचा आस,
उंच, अरुंद, प्रत्येक खड्ड्याला मान हलवणारी.
मागून पाहिलं की हसू यावं अशी.
पंधराच्या वेगानं चालली होती.
रस्ता रुंद होता, आम्हीही रुंद होतो.
ओरेस्टनं गिअर उतरवला,
काच खाली केली, ऐकत राहिला,
हॉर्न दिला नाही.